गावच्या मैदानावर जुन्या गाड्या आणि वरून लँकास्टर: आयोजनाची सुरुवात कोठून करावी

इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका खेड्यात स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकांनी विचारले आहे की, गावच्या सभागृहाच्या छपराची दुरुस्ती करण्यासाठी निधी उभा करायचा असून त्यासाठी पुढच्या उन्हाळ्यात क्लासिक गाड्यांचे प्रदर्शन भरवावे आणि त्या दिवशी दुसऱ्या महायुद्धातील एखादे विमान मैदानावरून जावे, अशी समितीची इच्छा आहे. मात्र समितीत या कामाचा अनुभव कोणालाच नाही. विमान कसे मिळते, परवानग्या कोणत्या लागतात आणि काही घडले तर जबाबदारी कोणाची, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. याच परगण्यातील अशा प्रदर्शनांची मैदान-व्यवस्था आणि सुरक्षा आराखडे यांचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट समितीच्या पहिल्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावी, ती अशी की प्रदर्शन विमानाविना पूर्ण असले पाहिजे. लँकास्टरसारखे बॉम्बफेकी विमान फ्लायपास्टच्या, म्हणजे न उतरता मैदानावरून उडत जाण्याच्या, वेळी ताशी साधारण २८० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे मिनिटाला साडेचार किलोमीटरांहून अधिक. झाडांच्या रांगेवर ते दिसू लागल्यापासून दिसेनासे होईपर्यंत फार तर मिनिटभराचा अवधी मिळतो, आणि वैमानिकाने दुसरी फेरी घेतली तरी सगळे तीन-चार मिनिटांत आटोपते. लोक मात्र मैदानावर पाच-सहा तास असतात. ते सहा तास गाड्यांनी, त्यांच्या मालकांनी, चहा-केकच्या मंडपाने आणि निवेदकाने भरून काढायचे आहेत. ज्या समित्या सगळी शक्ती विमानावर लावतात, त्यांच्याकडे विमान रद्द झाले की सांगण्यासारखे काहीच उरत नाही; आणि विमान रद्द होणे हा अपवाद नव्हे, नेहमीची शक्यता आहे.

आता विमान कोठून येते ते पाहू. ब्रिटिश हवाई दलाचे ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ हे पथक १९५७ मध्ये बिगिन हिल येथे सुरू झाले आणि १९७६ पासून लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी तळावर आहे. त्यांच्याकडे पीए ४७४ क्रमांकाचे लँकास्टर, स्पिटफायर व दोन हरिकेन ही लढाऊ विमाने, एक डकोटा हे वाहतुकीचे विमान आणि वैमानिकांच्या सरावासाठी चिपमंक विमाने आहेत. जगात उडू शकणारी लँकास्टर दोनच असून दुसरे कॅनडात आहे. पी ७३५० हे त्यांचे स्पिटफायर १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये, म्हणजे जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या लढाईत, प्रत्यक्ष उडालेले आहे. ही विमाने हिवाळ्यात देखभालीसाठी उघडली जातात, साधारण मे ते सप्टेंबर या काळात कार्यक्रमांना जातात, आणि प्रत्येक विमानाचे वर्षाचे उड्डाणाचे तास जपून वापरले जातात.

विमान केवळ आपल्या गावासाठी निघत नाही, हे समजून घेतले की पुढची पुष्कळशी निराशा टळते. एका उड्डाणात शक्य तेवढे कार्यक्रम एका वळसेदार मार्गावर ओवले जातात. दुपारी किनाऱ्यावरच्या एखाद्या मोठ्या कार्यक्रमाला जाणारे विमान वाटेत चार गावांवरून जाऊ शकते, आणि तुमचे गाव त्या वाटेजवळ असेल तर तुमचा अर्ज मान्य होण्याची शक्यता वाढते. म्हणून वेळ तुम्ही ठरवत नाही, तुम्हाला ती कळवली जाते. तीसुद्धा बऱ्याचदा कार्यक्रमाच्या थोडेच आधी निश्चित होते आणि त्या दिवशी वाऱ्यानुसार काही मिनिटे मागेपुढे सरकते. अर्ज हवाई दलाच्या कार्यक्रम विभागाकडे करायचा असतो आणि तो आदल्या वर्षीच करावा लागतो. तुमचे प्रदर्शन पुढच्या जुलैत असेल तर या सप्टेंबरपूर्वी अर्ज पोहोचला पाहिजे, असे धरून चाला. अर्जात मैदानाचा अचूक नकाशा-संदर्भ, प्रदर्शनाच्या वेळा, अपेक्षित गर्दी, जवळचे उंच अडथळे (चर्चचा मनोरा, विजेचे खांब, पवनचक्क्या), आणि कार्यक्रमाच्या दिवशी फोन नक्की उचलेल अशा एका व्यक्तीचा क्रमांक द्यावा. तारखेबाबत शक्य असेल तर शनिवार आणि रविवार असे दोन्ही पर्याय खुले ठेवावेत. शुल्क आणि विमा यांच्या अटी अर्जाबरोबरच मागवून घ्याव्यात व अंदाजपत्रकात त्यांची तरतूद आधीच करावी.

हवाई दलाकडून नकार आला तर खाजगी मालकीची जुनी विमाने हा दुसरा मार्ग आहे. एखादे टायगर मॉथ किंवा हार्वर्ड (दोन्ही वैमानिकांच्या प्रशिक्षणाची जुनी विमाने) जवळच्या धावपट्टीवरून येऊ शकते, आणि छोट्या गावासाठी मला स्वतःला टायगर मॉथच अधिक योग्य वाटते. ते हळू जाते, त्यामुळे पुरेसा वेळ दिसते, गुरांना फारसे बिचकवत नाही, आणि युद्धकाळातील असंख्य वैमानिक, त्यांत भारतीय वैमानिकही आले, याच विमानावर उडायला शिकले. मात्र खाजगी विमानाच्या बाबतीत नियमांचा भार तुमच्यावर अधिक पडतो.

ते नियम नीट सांगतो, कारण याच ठिकाणी समित्या सर्वांत जास्त गफलत करतात. जाहिरात करून लोकांना बोलावलेल्या कार्यक्रमात त्यांच्यासाठी मुद्दाम केलेले उड्डाण हे ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या, म्हणजे सीएएच्या, दृष्टीने हवाई प्रदर्शन ठरू शकते. त्यासाठी एअर नेव्हिगेशन ऑर्डर २०१६ च्या कलम ८६ प्रमाणे परवानगी आणि मान्यताप्राप्त प्रदर्शन-संचालक लागतो, आणि वैमानिकाकडेही प्रदर्शनासाठीचे स्वतंत्र अधिकारपत्र असावे लागते. याचे तपशील कॅप ४०३ या मार्गदर्शिकेत आहेत. सरळ रेषेत एकदा जाणे आणि कसरती करणे यांत नियमांच्या दृष्टीने मोठा फरक आहे, तसेच लष्करी विमानांसाठी लष्कराची स्वतःची नियमावली आहे. म्हणून तुमच्या बाबतीत नेमके काय लागू होते याचे लेखी उत्तर सीएएकडून आणि विमान चालवणाऱ्या संस्थेकडून घ्यावे. ‘माझा मित्र रविवारी त्याचे विमान घेऊन सहज एक चक्कर मारून जाईल’ अशी सूचना समितीत कोणीतरी हमखास करते. ती तिथल्या तिथे आणि ठामपणे नाकारावी. नेहमीच्या उड्डाणातही माणसे, वाहने व बांधकामे यांच्यापासून ५०० फूट अंतर राखण्याचा आणि दाट वस्ती किंवा उघड्यावरचा मोठा जमाव यांवरून जाताना किमान १००० फूट उंची ठेवण्याचा नियम आहे, आणि तुमच्या गर्दीला खूश करण्याच्या नादात त्या मित्राचा परवाना जाऊ शकतो. त्याहून वाईटही घडू शकते.

ते वाईट काय असते हे या देशाने २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅम येथे पाहिले. हवाई प्रदर्शनात कसरत करणारे हॉकर हंटर विमान ए-२७ रस्त्यावर कोसळले आणि ११ जण मृत्युमुखी पडले. ते सगळे प्रदर्शनाच्या कुंपणाबाहेर होते. आयोजकाने कायम लक्षात ठेवावे असे त्या दुर्घटनेचे हेच अंग आहे. तिकीट काढून आत आलेल्यांची काळजी आपण घेतो. पण तिकीट न काढता रस्त्याकडेला, बांधावर, पुलावर उभे राहून वर पाहणाऱ्यांचा विचार आराखड्यात बहुधा नसतो. तुमच्या गावात त्यांची गर्दी कोठे होईल हे आधी पायी फिरून पाहा. अरुंद रस्त्याच्या वळणावर गाड्या उभ्या करून लोक जमणार असतील, तर तेथे स्वयंसेवक हवेत आणि पार्किंगबंदीची परवानगी आधीच घेतलेली हवी.

याच अनुषंगाने, फ्लायपास्टच्या वेळी जमिनीवर काय करायचे ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते खेड्यातील अशा कार्यक्रमात आकाशापेक्षा जमिनीवरचा धोका मोठा असतो. विमानाचा आवाज आला की प्रत्येक मान वर जाते. मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरचा चालक वर पाहतो, त्याच्यामागून चालणारी आई वर पाहते आणि तिच्या हातातून निसटलेले मूल वाफेच्या इंजिनाच्या चाकाजवळ उभे राहून वर पाहते. शेजारच्या रस्त्यावरून जाणारा, ज्याला प्रदर्शनाची काहीच कल्पना नाही असा मोटारचालकही वर पाहतो. म्हणून कळवलेल्या वेळेच्या १५ मिनिटे आधी मैदानावरील प्रत्येक चाक थांबले पाहिजे. रिंगणातील संचलन बंद, वाफेची इंजिने अडथळा लावून उभी, मुलांची खेळणी-रेल्वे स्थानकात आणि प्रवेशद्वारावरची वाहनांची रांग रोखलेली, अशी स्थिती हवी. निवेदकाने हे कारणासह सांगितले की लोक ऐकतात. विमान गेल्यानंतर पाच मिनिटे काहीही हलू देऊ नये, कारण ते दुसऱ्या फेरीसाठी वळून आले तर गर्दी एकदम उलट दिशेने धावते.

मैदानावर ड्रोन पूर्णपणे बंद असावेत. हे प्रवेशद्वारावर, गाडीमालकांच्या नोंदणीपत्रात आणि ध्वनिक्षेपकावरून, तिन्ही ठिकाणी सांगावे. पतंग आणि हेलियमचे फुगे विकणारे स्टॉलही घेऊ नयेत. प्रेक्षकांची मुख्य जागा अशी आखावी की दुपारचा सूर्य त्यांच्या पाठीशी राहील. विमान कोणत्या दिशेने येणार हे आदल्या दिवशी कळले तरी दोऱ्या आणि खुर्च्या हलवायला पुरेसा वेळ असतो.

घोडे आणि गुरे यांचा विषय शहरातून आलेल्या समिती-सदस्यांना सुचत नाही. लँकास्टरला चार मर्लिन इंजिने असतात, प्रत्येक २७ लिटर क्षमतेचे आणि १२ सिलिंडरचे. कमी उंचीवरून त्यांचा आवाज गेला की तबेल्यातला तरुण घोडा दारावर लाथा झाडतो आणि मेंढ्या कुंपणावर धडकतात. परिसरातील प्रत्येक तबेल्याला व शेतकऱ्याला दोन आठवडे आधी पत्र द्यावे आणि दोन दिवस आधी पुन्हा फोन करावा. चर्चमध्ये त्या दुपारी लग्न किंवा अंत्यविधी आहे का, हेही विचारावे. ही विचारपूस केल्याने तक्रारी टळतातच, शिवाय पुष्कळदा हेच शेतकरी आपणहून ट्रॅक्टर आणि गवताचे गठ्ठे पाठवून देतात.

जमिनीवरच्या परवानग्या तुलनेने सरळ आहेत. मैदान पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे गावच्या स्थानिक परिषदेचे, असो वा शेतकऱ्याचे, लेखी संमती घ्यावी. अशा तात्पुरत्या वापरासाठी इंग्लंडमध्ये साधारणपणे वर्षातून २८ दिवसांपर्यंत नियोजन-परवानगी लागत नाही. जिल्हा कौन्सिलच्या सुरक्षा सल्लागार गटाला आराखडा सहा महिने आधी पाठवावा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सेवा आणि महामार्ग विभाग यांच्याशी एकाच वेळी बोलणे तेथे होते. बिअरचा मंडप किंवा सशुल्क संगीत असेल तर ‘टेम्पररी इव्हेंट नोटिस’, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाची कौन्सिलला सूचना, द्यावी लागते. तिचे शुल्क २१ पाउंड आहे आणि ती किमान १० कामकाजाचे दिवस आधी पोहोचावी लागते; पण तिची मर्यादा एका वेळी ४९९ माणसांची असून त्यात तुमचे स्वयंसेवकही मोजले जातात. विमान जाहीर केल्यावर गर्दी या आकड्याच्या पुढे जाते, म्हणून मद्यविक्रीचा भाग कुंपण घालून वेगळा ठेवणे किंवा परवाना असलेल्या गावच्या पबला त्यांच्याच आवारात विक्री करू देणे, यांपैकी एक मार्ग आधी निवडावा. रस्ता काही तास बंद ठेवायचा असेल तर कौन्सिल आजही बऱ्याचदा १८४७ च्या टाउन पोलीस क्लॉजेस कायद्याखाली आदेश काढते. सोडतीची तिकिटे त्याच दिवशी मैदानावर विकली तर नोंदणी लागत नाही. आधी घरोघर विकायची असतील तर कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. सार्वजनिक दायित्वाचा विमा (कार्यक्रमात कोणाला इजा किंवा नुकसान झाल्यास भरपाईसाठीचा) किमान ५० लाख पाउंडांचा असावा आणि विमा कंपनीला फ्लायपास्टबद्दल लेखी कळवलेले असावे. ते न कळवल्यास ऐन वेळी पॉलिसीचा उपयोग होत नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: विमान हवेत असताना त्याची जबाबदारी वैमानिकाची आणि ते चालवणाऱ्या संस्थेची, पण त्याच्यासाठी बोलावलेल्या गर्दीची जबाबदारी आयोजकांची. म्हणून समिती ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था असावी किंवा पॅरिश कौन्सिलच्या छत्राखाली काम करणारी असावी. व्यक्तिगत नावावर असा कार्यक्रम घेऊ नये.

आता गाड्या. नोंदणीपत्रात उत्पादक, मॉडेल, वर्ष आणि क्रमांक यांबरोबर एक रिकामी जागा अवश्य ठेवा: ‘या गाडीची कथा दहा ओळींत लिहा’. ती कथा मोठ्या अक्षरांत छापून गाडीच्या काचेवर लावावी. पॉलिश केलेली मॉरिस मायनर लोक दहा सेकंद पाहतात. पण तीच गाडी गावच्या परिचारिकेने तीस वर्षे रात्री-अपरात्री बाळंतपणांसाठी चालवली असे काचेवर लिहिलेले असेल, तर लोक थांबतात, मालकाशी बोलतात आणि मग चहा घ्यायला राहतात. महागड्या जग्वारच्या मागे धावू नका. गावातच कोणाच्या गोठ्यात करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर असेल, कोणाकडे ऑस्टिन सेव्हन असेल, कोणाकडे पहिल्या पिढीची लँड रोव्हर असेल. ती माणसे प्रथम बोलवा. आणि कोणाकडे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका असेल, तर ती मुद्दाम आणवून घ्या, कारण आपली हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडर तिच्यावरूनच घडली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. तुमच्या कुटुंबाला आणि तुमच्या इंग्लिश शेजाऱ्यांना एकाच गाडीपाशी उभे राहून सांगण्यासारखे इतके काही दुसऱ्या कोणत्याही गाडीपाशी मिळणार नाही.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुनी गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदवली की तिला रस्ताकर माफ होतो, आणि मे २०१८ पासून, गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल केलेला नसल्यास, वार्षिक एमओटी चाचणीतूनही (गाडी रस्त्यावर चालण्यास सुरक्षित आहे का याची तपासणी) सूट आहे. विम्यातून आणि रस्त्यावर चालण्यायोग्य असण्यातून मात्र सूट नाही. म्हणून नोंदणीपत्रात मालकाची तशी स्वाक्षरी घ्यावी. (भारतात २०२१ च्या नियमांनुसार ही मर्यादा ५० वर्षांची आहे आणि अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हे ब्रिटनमधल्या मालकांना सांगितले की ते आपल्या सवलतींची अधिक कदर करतात.) वाफेच्या इंजिनासाठी बॉयलरच्या तपासणीचे चालू प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय त्याला मैदानात घेऊ नये, त्याला पाण्याची सोय, पक्की जमीन आणि ते उतरवणाऱ्या ट्रेलरला वळायला जागा लागते.

सर्व गाड्या सकाळी ८ ते १० च्या दरम्यान एका प्रवेशद्वाराने आत घ्याव्यात आणि ४ वाजेपर्यंत एकही गाडी बाहेर सोडू नये, ही अट आधीच छापावी. गर्दीतून गाडी बाहेर काढणे हा अशा प्रदर्शनातला सर्वांत सामान्य अपघाताचा प्रसंग आहे. क्रिकेटची खेळपट्टी दोरीने बंद करावी आणि प्रत्येक गाडीखाली तेल ठिबकू नये म्हणून पत्रा किंवा पुठ्ठा ठेवण्यास सांगावे, कारण जुनी ब्रिटिश इंजिने ठिबकतात आणि क्लबचे सदस्य ते डाग दोन हंगाम विसरत नाहीत. पावसाने मैदान भिजले तर गाड्या ओढून काढण्यासाठी ट्रॅक्टर आणि मऊ पट्टे तयार असावेत. आदल्या दिवशी सकाळी मैदानाची स्थिती पाहून कार्यक्रम घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा.

निवेदकावर खर्च करा, किंवा विषय जाणणारा स्वयंसेवक शोधा. युद्धात लिंकनशायरमधील तळांवरून बॉम्बर कमांडची, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाची, विमाने रात्रीमागून रात्री निघत असत. त्या दलातील ५५ हजारांहून अधिक माणसे परतली नाहीत, आणि तुमच्या गावच्या स्मारकावरही त्यांतली काही नावे असण्याची दाट शक्यता आहे. विमान येण्याआधी ती नावे वाचावीत, आणि विमान डोक्यावर असताना निवेदकाने काहीही बोलू नये, पार्श्वसंगीतही बंद असावे. मराठी प्रेक्षक येणार असतील तर निवेदनात हेही यावे की ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ क्रमांकाच्या तुकडीचे अधिकृत नाव ‘सिटी ऑफ बॉम्बे’ होते आणि ती स्पिटफायर उडवत असे.

रद्द झाल्याची घोषणा आधीच लिहून ठेवावी. ही विमाने पाऊस, कमी ढग आणि विशेषतः धावपट्टीवरचा आडवा वारा यांमुळे उड्डाण रद्द करतात, त्यामुळे तुमच्याकडे लख्ख ऊन असतानाही कॉनिंग्सबीहून नकार येऊ शकतो. मे २०२४ मध्ये तेथेच या पथकाच्या स्पिटफायरला अपघात होऊन वैमानिकाचा मृत्यू झाला, त्यानंतर पथकाची उड्डाणे थांबवली गेली आणि डी-डेच्या (जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले तो दिवस) ८० व्या स्मरणदिनालाही ही विमाने जाऊ शकली नाहीत. तेव्हा प्रत्येक पत्रकावर, विमानाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, ‘हवामान आणि विमानाची स्थिती अनुकूल असल्यास’ असे छापावे, आणि तिकीट विमानाच्या नावाने विकू नये. नकाराचा फोन आला की पाच मिनिटांच्या आत खरे कारण सांगून घोषणा करावी, आणि राखून ठेवलेल्या त्या वेळेत सर्व जुन्या गाड्यांची इंजिने रांगेने एकेक सुरू करण्याचा कार्यक्रम घ्यावा. निवेदकाने प्रत्येक इंजिनाबद्दल दोन वाक्ये सांगितली की अर्धा तास सहज जातो, आणि मुलांना विमानापेक्षाही हे अधिक आवडलेले मी पाहिले आहे.

प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात मैदान दाखवून मालकाची सही घ्या, गाडीमालकांना आणि शेतकऱ्यांना आभाराची पत्रे पाठवा, हिशेब सूचनाफलकावर लावा, आणि विमान येवो वा न येवो, त्या पथकालाही दोन ओळी लिहा. पुढच्या वर्षीही प्रदर्शन भरवायचे असेल तर त्याच आठवड्यात नवा अर्ज भरायला घ्यावा, कारण तोपर्यंत सप्टेंबर जवळ आलेला असतो.